गजा, आबांच्या कॅमेऱ्याला ड्रिल लावलेलं नाही

तालुका वरुड, जि. अमरावती

प्रिय गजा,

सगळ्यात आधी हे सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, आबांच्या फिल्मवाल्या कॅमेऱ्यात मी डिजिटल सेन्सर बसवलाय खरा, पण तो कुठंही कापलेला नाही, घासलेला नाही, त्याला एकही नवीन भोक पाडलेलं नाही. परवा फोनवर तू तेच विचारत होता आणि नेमकं नेटवर्क गेलं. व्हॉट्सॲपवर हे तुटक तुटक सांगण्यासारखं नाही म्हणून आज लाईट यायची वाट पाहत बसलोय तर सरळ पत्रच लिहायला घेतलं.

कॅमेरा तुला माहीतच आहे पण उघडून पाहिल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही बे. बोलेक्स एच १६, स्विस मशीन, जुना, रिफ्लेक्स नसलेला म्हणजे लेन्समधलं चित्र डोळ्याला थेट न दाखवणारा, समोर तीन लेन्सची फिरकी, त्यात केर्न कंपनीची २५ मिमीची स्विटार, एक १६ ची आणि एक ७५ ची यवार. बॅटरी नाही, सेल नाही, नुसती चावी. पूर्ण चावी दिली की २४ फ्रेमच्या स्पीडला साधारण २७ सेकंद चालतो. १०० फुटाचं रीळ म्हणजे ४००० फ्रेम, पावणेतीन मिनिटांत खलास. आबा पोळ्याच्या तोरणाखाली कॅमेरा डोळ्याला लावून इतका वेळ नुसते उभे का राहायचे आणि बटण का दाबायचे नाहीत, ते मला आता समजतंय.

इथं ज्याला दाखवला तो म्हणतो आतलं सगळं काढून फेक, रिकाम्या डब्यात सेन्सर बसव, काम खतम. मला ते अजिबात पटत नाही. कोडॅक १६ मिमीची फिल्म आजही बनवते, म्हणजे हा कॅमेरा जिवंत आहे, उद्या तुझ्या पोरीला त्याच्यात खरी फिल्म घालावीशी वाटली तर घालता आली पाहिजे. म्हणून मी एकच नियम धरला, जे काढायचं ते स्क्रू खोलून काढायचं, प्रत्येक पायरीचा फोटो ठेवायचा, आणि एका संध्याकाळी सगळं परत जाग्यावर बसलं पाहिजे. शटरची चकती, गेटची पट्टी (फिल्म जिला टेकून सरकते ती), तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत नाव लिहून आमच्या कपाटात आहे. आणि हो, उघडायच्या आधी स्प्रिंग पूर्ण उतरवून घेतली, ताण असताना त्या स्प्रिंगच्या वाटेला जायचंच नाही.

आता खरी गोष्ट. सेन्सर घेतलाय सोनीचा आयएमएक्स ४७७, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरच्या एचक्यू कॅमेऱ्यात असतो तोच, १२.३ मेगापिक्सेलचा. पण त्याची सर्किटची पाटी ३८ बाय ३८ मिमीची, आतल्या भिंतीला अडते, म्हणून त्याच सेन्सरची २५ बाय २४ ची लहान पाटी मागवली. आणि मग सुरू झाला एका मिलिमीटरचा खेळ.

या लेन्स सी माउंटच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या आट्यांनी बसणाऱ्या, आणि अशा लेन्सला तिच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर १७.५२६ मिमीच लागतं. फिल्म पातळ असते, ती गेटला चिकटून जाते. सेन्सरचं तसं नाही, त्याच्यावर काच असते, भोवती कड असते, खाली पाटी असते, त्यामुळे तो गेटच्या मागेच अडकतो. एक मिलिमीटर मागे राहिला तर काय बिघडतं असं वाटेल, तर हिशेब ऐक. २५ च्या लेन्सला सेन्सर एक मिमी मागे गेला आणि फोकसची रिंग इन्फिनिटीवर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर ठेवली तर फोकस होतो फक्त दोन फुटांवर, बाकी वावर, झाडं, बैल, सगळं धूसर. दशांश मिमीचा फरक राहिला तरी वीस फुटांच्या पुढचं हलकं मऊ पडायला लागतं. आणि रिंग उलटीकडे फिरवून हे दुरुस्त होत नाही, कारण ती इन्फिनिटीच्या पुढे जातच नाही. सेन्सर थोडा पुढे राहिला तर मात्र रिंगवर भागवता येतं, फक्त अंतराचे आकडे चुकतात. म्हणजे चुकायचंच तर पुढच्या बाजूला चुकायचं. एक बरं आहे की सेन्सरवरच्या काचेमुळे फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो, तेवढी जागा फुकटात मिळते.

म्हणून गेटची पट्टीच काढली आणि तिच्याच स्क्रूंवर बसणारी ॲल्युमिनियमची एक फ्रेम वरुडच्या लेथवाल्याकडून करून घेतली. तो मोटरपंपाचे शाफ्ट करणारा माणूस, मला म्हणे, "अर्ध्या सुताचा फरक चालते ना भाऊ?" अर्धा सूत म्हणजे दीड मिमीच्या वर! त्याला स्विटार हातात दिली, मोबाईलच्या टॉर्चसमोर आतली काच दाखवली, मग त्यानं चष्मा बदलला आणि जे काम करून दिलं ते बघण्यासारखं आहे. बारीक फरक शिमनं काढला. पितळेचा ०.०५ मिमीचा पत्रा, त्याच्या चकत्या, एक घातली की संत्र्याच्या बागेपलीकडच्या हायटेन्शनच्या टॉवरवर कॅमेरा लावून बघायचं, काढायची, परत बघायचं. टॉवरच्या तिरप्या पट्ट्या एकेक सुट्या दिसल्या तेव्हा मी एकटाच बागेत ओरडलो बे.

शटरचं विचारशील. स्प्रिंग चालवून तो आवाज ठेवावा अशी माझीही फार इच्छा होती. पण हा सेन्सर चित्र एका झटक्यात घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो, आणि मध्ये चकती फिरत असली की काळे पट्टे येतात, शिवाय चावीचा स्पीड इतका काटेकोर नसतो की दोघांचा ताळ बसेल. ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळं चित्र एकदम घेणारा सेन्सर मिळतो, त्याला बाहेरून इशारा देऊन प्रत्येक फेरीला एक फ्रेम घेता येते, पण तो आणखी लहान आहे, १४५६ बाय १०८८ पिक्सेलचाच. आणि स्प्रिंगची मोटर फिरली की फिल्म ओढणारा क्लॉ पण हलतो, तो सेन्सरच्या काचेला लागला तर संपलंच. म्हणून मोटर बंद. बटणाच्या मागे एक छोटा स्विच बसवलाय, बटण दाबलं की रेकॉर्डिंग, सोडलं की बंद. आणि रास्पबेरी पायच्या प्रोग्राममध्ये २७ सेकंदांना आपोआप थांबायची सोय मी मुद्दाम केलीय, मला ती हवीच होती.

चित्र कसं येतं? एक तर लेन्स लांबच्या झाल्यात. १६ मिमीची फ्रेम १०.२६ मिमी रुंद, सेन्सर ६.२९, म्हणजे २५ ची लेन्स ४१ सारखी दिसते आणि १६ ची २६ सारखी, बाजूचा व्ह्यूफाइंडर तेवढा घट्ट धरावा लागतो. दुसरं म्हणजे लहान पाटीवरचा होल्डर काढला की त्याच्यासोबत इन्फ्रारेड अडवणारी काच पण जाते, मग हिरवी तूर गुलाबी दिसते आणि काळं कापड तपकिरी. त्यासाठी लेन्सच्या तोंडावर वेगळा फिल्टर लावलाय, समोर लावला की आतल्या अंतराला धक्का लागत नाही. पण एकदा हे जमलं की स्विटारमधून संध्याकाळचा उजेड जसा येतो ना, कपाशीच्या बोंडाची कड उजळते आणि मागचं सगळं गोल फिरल्यासारखं विरघळतं, मोबाईलमध्ये ते नाही रे येत.

उन्हाचं मात्र सांभाळावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात धातूची बॉडी तापते आणि रास्पबेरी पाय ८० अंशांच्या पुढे स्वतःच मंद होतो, म्हणून ओला पंचा कॅमेऱ्यावर टाकून सावलीत ठेवतो, शॉटपुरता बाहेर.

पोळ्याला ये, नक्की ये. यंदा झडत्या, पोळ्यात म्हणतात त्या, या कॅमेऱ्यानं घ्यायच्या आहेत. आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागेल आणि मला दोन हात कमी पडतात. येताना पुण्याहून एक एनडी ८ फिल्टर, उजेड कमी करणारी काळपट काच, घेऊन ये, भर उन्हात ॲपर्चर एफ १६ लावावं लागतं तिथं ५.६ वर काम होईल, लेन्सच्या तोंडाचं माप फोटो काढून पाठवतो.

आणि एक निर्णय तुझ्यावर सोडलाय. ७५ च्या लेन्सला मागच्या काचेवर बुरशी आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली. उघडून साफ होईल पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतील. लेन्स आबांची आहे, तू आणि काकू बोलून मला कळवा, तोपर्यंत मी तिला हात लावत नाही, सिलिका जेलच्या डब्यात ठेवलीय.

काकूंना नमस्कार, पोरीला खूप प्रेम.

तुझा,
विन्या