मावशी, नलारबॉर तुमच्यामुळे पार पडलं

तीर्थस्वरूप मावशींस,
साष्टांग नमस्कार.

पर्थला पोचल्यावर फोन केला, तेव्हा "बरं झालं, आता जेवा आणि झोपा" एवढंच म्हणून तुम्ही फोन ठेवलात. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅन घेऊन निघायचं मनात असलेल्या आणखी कुणाला तुम्ही आमच्यासाठी घालवलेली ती संध्याकाळ उपयोगी पडावी, असं फार वाटतं.

ॲडलेड ते पर्थ सुमारे २,७०० किलोमीटर. आम्ही चौघी मैत्रिणी हा रस्ता व्हॅनने करणार म्हटल्यावर नाशिकपासून मेलबर्नपर्यंत सगळ्यांचा एकच सूर होता: विमानाने जा. चौघीच मुली, मधे नलारबॉरचं ओसाड मैदान, ना गाव ना माणूस, काही झालं तर? "नकाशा आणा" म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. आमचा हट्ट तुम्ही मनापासून ऐकून घेतलात, ह्याचं मोल आम्हाला तेव्हाही कळलं होतं.

वरणभाताची ताटं उचलून तुम्ही टेबलावर कागदी नकाशा पसरलात. फोनमध्ये आहे म्हटलं, तर म्हणालात, सेडुना गावाच्या पुढे रेंजचा भरवसा धरायचा नाही. मग पेन्सिलीने एकेका रोडहाउसवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पंप-खानावळीवर, गोल: नंड्रू, नलारबॉर, बॉर्डर व्हिलेज, मुंद्राबिला, मादुरा, कॉकलबिडी, कायगुना, बॅलाडोनिया. "हीच तुमची गावं. दिसेल तिथे डिझेल भरा, टाकी अर्धी असली तरी भरा. पिण्याचं पाणी मात्र इथूनच न्या, तिकडे पाण्याचीच चणचण असते. आणि सूर्य कलला की व्हॅन उभी करायची." कांगारू आणि वोम्बॅट तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, हे आम्ही ऐकून होतो. भाड्याच्या व्हॅनचा विमा बरेचदा गावाबाहेर रात्री चालवलेल्या गाडीला लागू नसतो, हे तुम्ही सांगितलंत. करार काढून पाहिला, तर आमचाही तसाच होता. ऑगस्टात तिकडे हिवाळा, दिवस लहान, त्यामुळे रोज साडेचारलाच मुक्कामाला लागायचो. थंडी कडाक्याची. पण त्या लवकर थांबण्यामुळेच आम्हाला संध्याकाळी मिळाल्या: गॅसवर चहा, मग खिचडी, आणि इतक्या वर्षांच्या राहून गेलेल्या गप्पा.

भाजीचंही तुमचंच ऐकलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध काही नेऊ देत नाहीत, कीड तिकडच्या शेतीत जाऊ नये म्हणून. त्यामुळे नलारबॉर रोडहाउसच्या आवारात उरलेले बटाटे, टोमॅटो, सिमला मिरची, कांदे सगळे पावभाजीत गेले. बॉर्डर व्हिलेजच्या तपासनीस बाईंनी फ्रिज उघडला, शिजवलेल्या भाजीचा डबा पाहिला आणि हसून जा म्हणाल्या. त्याच ठिकाणी घड्याळ पाऊण तास मागे गेलं, तेही तुम्ही आधी सांगितलं होतंत.

पण सगळ्यात जास्त आभार हेड ऑफ बाइट ह्या समुद्रकाठच्या जागेचे. आमच्या बेतात ते नव्हतंच. "पर्थला एक दिवस कमी पडला तरी चालेल, इथे घाई करायची नाही," असं म्हणून तुम्ही तिथे दोनदा गोल केला होतात. दक्षिणेच्या थंड समुद्रातून सदर्न राइट व्हेल हिवाळ्यात पिल्लं घालायला इथे येतात. कड्याला लागून बांधलेल्या लाकडी वाटेवरून खाली पाहिलं, तर आया आणि पिल्लं अगदी किनाऱ्यालगत. एक आई पाण्यावर निश्चल पडलेली, डोक्यावर पांढरट खडबडीत चट्टे, आणि पिल्लू पुन्हा पुन्हा तिच्या पाठीवर चढायला बघतंय, घसरतंय, फिरून येतंय. तिचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. शिकारीने जवळजवळ संपवलेला हा जीव आज इथे बिनधास्त पिल्लं वाढवतो, हे पाहून आमच्यातली एक रडायलाच लागली. मावशी, तुम्ही गोल केला नसतात तर आम्ही वळणावरून सरळ पुढे गेलो असतो.

आता तो स्टीलचा डबा. तुमच्या आईंचं नाव कोरलेला. त्यात फराळ असेल म्हणून आम्ही तो खाण्याच्या सामानात ठेवला होता. उघडला तर रबरी टेप, पाइपाच्या क्लिपा, फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च. कायगुनाच्या पश्चिमेला १४६.६ किलोमीटर रस्ता एका रेषेत जातो, एकही वळण नाही. त्याच्या मध्यावर टेंपरेचरचा काटा चढला. बोनेट उघडलं, तर रेडिएटरच्या होजला चीर गेलेली, पाणी थेंब थेंब गळतंय. फोनला रेंज नाही. तुम्ही बळेच दिलेल्या वॉकीटॉकीवर, तुम्ही सांगितलेल्या चाळीस नंबरच्या चॅनेलवर हाक दिली, आणि थोड्या वेळाने एका ट्रकवाल्याचा आवाज आला. तो बॅलाडोनियाकडूनच येत होता. भलामोठा ट्रक बाजूला घेऊन उतरला, इंजिन थंड होईपर्यंत झाकण उघडू नका म्हणाला, टेप ताणून कशी गुंडाळायची ते दाखवलं, वर दोन क्लिपा आवळल्या. डबा पाहून त्याने विचारलं, हा कुणी भरून दिला? आमच्या मावशीने, असं चौघींनी एकदमच सांगितलं. तुम्ही दिलेल्या कॅनमधलं पाणी घालत, थांबत थांबत, उजेड असतानाच आम्ही बॅलाडोनियाला पोचलो.

त्या पट्ट्यात रस्त्यावरच पांढरे पट्टे रंगवलेली विमानाची धावपट्टी लागली, दूरवरच्या माणसांपर्यंत विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या, १९२८ पासून चालत आलेल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेची. तुम्ही तरुणपणी नर्स म्हणून ह्याच भागात नोकरी केलीत, लहान लेकीला मागे बसवून एकटीने हा रस्ता केलात, हे तुमच्या भाचीने आम्हाला तिथे सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःबद्दल एक शब्द बोलला नव्हतात. नकाशावर प्रत्येक ठिकाणी तुमचं बोट इतकं अचूक कसं जात होतं, ते तेव्हा उमगलं.

वॉकीटॉकी तुमच्या सांगण्याप्रमाणे पर्थहून ॲडलेडला निघालेल्या एका जोडप्याला दिला आहे, नकाशासकट. ते तुम्हाला फोन करतील. डबा मात्र कुणाला दिला नाही. संक्रांतीला नाशिकला येणार आहात असं कळलं. आई म्हणते, मुक्कामाला आमच्याकडेच यायचं. डबा तेव्हा देईन, रिकामा देणार नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमच्या भाचीची मैत्रीण, आणि आता तुमचीही भाची