वैशूला पत्र

धायरी, पुणे
सोमवार

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू विचारलंस, "मोबाइलच्या पडद्यातून कुणी भीती काढतं का गं?" मागे पोरांचा गोंधळ चालला होता, म्हणून धड बोलता आलं नाही. आता निवांत लिहितेय.

नवले पुलाजवळच्या अपघातानंतर माझी काय अवस्था होती, तू पाहिलीसच. कात्रजच्या बोगद्याकडून खाली येणारा तो उतार. मागून ट्रकचा एअरब्रेक फुस्स झाला की माझे हात आपोआप डोक्यावर जायचे, भाजी निवडत असले तरी. हाडं जुळली, पण हे काही जाईना. ज्यांचं नाव मिळालं त्या मानसोपचारतज्ज्ञ बाणेरला बसतात, म्हणजे जायचं तर पुन्हा त्याच बायपासने. ऑनलाइन सोय नसती तर मी उपचार सुरूच केले नसते.

पहिले काही आठवडे अपघाताचा विषयच निघाला नाही. घाबरल्यावर श्वास कसा सांभाळायचा, पाय जमिनीला कसे टेकवायचे, मनातल्या मनात कुठल्या सुरक्षित जागी जाऊन बसायचं, हेच शिकवलं. माझा पूर्ण पत्ता आणि ह्यांचा नंबर त्यांनी आधीच लिहून घेतला. नेट गेलं तर त्या लगेच फोन करणार, हेही ठरलं. (गुरुवार नको म्हटलं, आमच्याकडे वीज त्याच दिवशी जाते.) पहिल्याच भेटीत "सगळं सांगून मोकळ्या व्हा" म्हणणारं कुणी भेटलं तर तिथे थांबू नकोस, हे मी अगदी ठासून सांगते.

मग ईएमडीआर सुरू झालं, म्हणजे डोळे डावी-उजवीकडे हलवत किंवा थोपटत आठवणीचा त्रास कमी करायची पद्धत. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिन शापिरो यांनी ही पद्धत सुरू केली. समोरासमोर असलं की तज्ज्ञ बोटं डावी-उजवीकडे हलवतात आणि आपण नजरेने त्यांचा माग घ्यायचा. ऑनलाइनमध्ये मी हात छातीवर आडवे धरून आलटून पालटून खांद्यांवर थोपटते. याला बटरफ्लाय हग म्हणतात. ही रीत मेक्सिकोत अकापुल्कोला चक्रीवादळानंतर मुलांसाठी निघाली. थोपटताना मनात ते एकच दृश्य धरायचं, मध्ये थांबायचं, काय जाणवतंय ते दोन शब्दांत सांगायचं. सगळी हकिकत सांगावी लागत नाही. त्रास ० ते १० मध्ये किती, ते विचारतात. आठवण पुसली जात नाही गं. ट्रकचा आवाज मला अजून ऐकू येतो, फक्त आता हातातली भाजी खाली पडत नाही.

आता तुझं. तू नऊ वर्षांची होतीस. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारीची ती दगडमातीची जड माळवदं खाली आली. अजून तू उशाशी चपला आणि बॅटरी ठेवून झोपतेस, अनंत चतुर्दशीच्या रात्री तर झोपतच नाहीस. "इतक्या वर्षांनी काय उपयोग" असं तू म्हणतेस, ते मला पटत नाही. जुन्या आघातांवरही हे उपचार चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी ईएमडीआर आणि आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार), दोन्हींची शिफारस केली, लहान मुलांसाठीसुद्धा. तुला त्या वयात "विसरून जा" म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. विसरणं कुणाच्या हातात असतं का?

तज्ज्ञ शोधताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते बघ. ईएमडीआरचं किंवा आघात-उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हेही सरळ विचार, संकोच करू नकोस. मराठीतून बोलणारे शोध. ती पहाट तुला मराठीतच आठवते ना? तोवर एखादी रात्र फारच जड गेली तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतं आणि मराठीत बोलतात. तिथे आघाताचे पूर्ण उपचार होणार नाहीत, पण त्या रात्रीपुरता आधार मिळेल आणि पुढे कुठे जायचं तेही सांगतील.

ऑनलाइन सगळ्यांनाच चालतं असंही नाही. घरातलाच माणूस त्रास देत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी प्रत्यक्ष भेटलेलं बरं. तुझं तसं नाही. तुझी अडचण एवढीच, की तुमच्या घरात दाराला कडी लावून तासभर एकटीने बसायला जागा नाही. सासूबाई दुपारी कीर्तनाला जातात ती वेळ धर, किंवा भाऊजींना सांगून गाडीत बस. हेडफोन मात्र लाव. सत्र संपल्यावर अर्धा तास कामाला लागू नकोस. मी चहा घेऊन गच्चीवर जाते, स्वयंपाक नंतर.

बाणेरच्या बाईंना मी विचारलंय, त्या लातूरच्या पेशंटलाही घेतात. नंबर तुझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही. रविवारी दुपारी फोन करते, तोवर भाऊजींशी बोलून ठेव. सासूबाईंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझीच,
मंजू