काका, त्या रात्रीच्या लॉगसाठी थँक्यू

काका, समोर बोललो असतो पण तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

मार्च एंडिंगची धांदल, टॅलीसाठी नुकताच स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतलेला, आणि नेट सारखं रखडतंय म्हणून राउटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर हातपायच गळाले. मिनिटाला आठ-दहा ओळी, कुठले कुठले आयपी, पोर्ट (म्हणजे मशीनची नंबर दिलेली दारं) २३, ४४५, ३३८९, मध्येच 'डॉस अटॅक, एसीके स्कॅन'. वाटलं, झालं, क्लायंट लोकांचा सगळा डेटा गेला. हेल्पलाइनवाला एकच सांगत होता, राउटर बंद करून चालू करा, तीनदा केलं, दर वेळी पाच मिनिटं नेट झकास आणि मग परत तेच. शेवटी रात्री साडेदहाला तुमची बेल वाजवली आणि तुम्ही बनियनवरच लॅपटॉप घेऊन खाली आलात.

आधी चहा मागितलात, मग एका ओळीवर बोट ठेवलंत. एसआरसी म्हणजे कोण आलं, डीपीटी म्हणजे कुठलं दार वाजवलं, आणि शेवटी ड्रॉप लिहिलंय म्हणजे राउटरने दार उघडलंच नाही. जगात आयपीव्ही४ पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आसपास, आणि २०१३ साली आलेलं झेडमॅप नावाचं टूल चांगली लाइन असेल तर एकाच मशीनवरून त्या सगळ्यांचं एक-एक दार पाऊण तासात वाजवून येतं, नेटला जोडलेली यंत्रं शोधणारे शोडॅनसारखे सर्च इंजिनवाले तर हाच उद्योग रोज करतात, त्यामुळे तुमच्यावर कोणी डूख धरून बसलेलं नाही हो, असं म्हणालात तेव्हा कुठे बायकोने पंखा चालू केला. आणि तो भयानक एसीके स्कॅन? समोरून येणारा सोर्स पोर्ट ४४३, म्हणजे मीच उघडलेल्या साइटचं उशिरा आलेलं उत्तर, राउटरने तोवर ते कनेक्शन आपल्या वहीतून खोडून टाकलेलं, म्हणून त्याला ते अनोळखी वाटलं! मी त्या आयपीची कंप्लेंट टाइप करून ठेवली होती, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मला वाटलं संपलं. तर तुम्ही म्हणालात, "आत येणारं बघितलंत, आता बाहेर काय जातंय ते दाखवा." ते लॉगिंग बंदच होतं. चालू केल्यावर १९२.१६८.१.३४ वरून, म्हणजे घरातल्याच कुठल्यातरी यंत्रावरून, सेकंदाला कितीतरी ओळी, दर वेळी नवा पत्ता, पोर्ट मात्र २३. दुसऱ्यांची दारं वाजवणारा चोर आमच्याच गॅलरीत, स्कूटरवर लक्ष ठेवायला लावलेला स्वस्तातला कॅमेरा! पासवर्ड अॅडमिन-अॅडमिन, आणि यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना न विचारता राउटरची दारं उघडू देणारी सोय) चालू असल्यामुळे त्याने राउटरकडून स्वतःसाठी टेलनेटचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं २३ नंबरचं, दार परस्पर उघडून घेतलेलं. मिराई नावाच्या, कॅमेरे-राउटर पकडणाऱ्या व्हायरसच्या जातीचं काहीतरी असणार म्हणालात, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये असल्याच कॅमेऱ्यांनी साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीवर ट्रॅफिक ओतून अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पाडलं होतं. हे असलं मेमरीत राहतं, कॅमेऱ्याची लाइट घालवली की जातं, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतं. राउटर आणि कॅमेरा एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, म्हणून ती पाच मिनिटं झकास!

यूपीएनपी बंद केलंत, राउटरचा पासवर्ड आणि फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) बदललंत, आणि कॅमेऱ्याचा टेलनेट पासवर्ड बदलायची सोयच नाही म्हटल्यावर तो भिंतीवरून काढायला स्टुलावरही तुम्हीच चढलात (काकूंना मी सांगितलेलं नाही).

आता रोज सकाळी लॉग बघतो. दारं वाजतायतच, पण ३४ नंबर गप्प आहे. तुमची निळी लॅन केबल आमच्याकडेच राहिलीये, रविवारी आणून देतो, चहा मात्र तुमच्याकडे.