मावशी, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून

आदरणीय मावशी,

पत्रबित्र तुम्हाला आवडायचं नाही, ठाऊक आहे. "देवाला सांग की, मला काय सांगतीस," असंच म्हणाल. तरीही सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आपल्या कोल्हापुरात आणि बाहेरही माझ्यासारख्या आया पुष्कळ आहेत. मिस्सा, म्हणजे आपली चर्चमधली उपासना, संपली की त्या कुणाशी न बोलता गेटबाहेर पडतात.

थोरल्यानं चर्च सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. दुसऱ्या कुठल्या पंथात गेला नाही, कुणाशी भांडलाही नाही. शिरोलीला फाउंड्रीत शिफ्ट करतो, आमच्यातच राहतो आणि "मला ते पटत नाही" एवढंच सांगतो. इथं आपण कॅथलिक मूठभर. ख्रिश्चन म्हटलं की गावाला प्रॉटेस्टंटांचं वायल्डर चर्च आठवतं. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे, हेही कित्येकांना माहीत नसतं. एवढ्याशा मंडळीत एक माणूस यायचा थांबला की सगळ्यांच्या लक्षात येतं. "काय गं, पोरगा दिसत नाही?" काही जण मायेनं विचारायचे, काही जण जबानी घेतल्यासारखे.

तुम्ही कधीच विचारलं नाहीत. रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "अर्धी तू म्हण, अर्धी मी म्हणते." माळेतलं शेवटचं रहस्य, म्हणजे जपाचा शेवटचा टप्पा, त्याच्या नावानं. तेही नुसतं नाव घ्यायचं, तक्रार जोडायची नाही, ही तुमची अट. तुम्ही जन्मभर दवाखान्यात नर्स होतात, रात्रपाळ्या केल्यात. पेशंटच्या उशाशी बसून त्याच्या चुका मोजायच्या नसतात, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

त्याच्या वाढदिवसाला त्याच्या नावानं मिस्सा सांग म्हणालात तेव्हा मी दचकलेच होते. आपल्याकडे मिस्सा सांगायची ती गेलेल्या माणसासाठी, असाच समज. फादरना विचारलं तर ते हसले. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ९०१ आहे म्हणाले, जिवंत असो वा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. वर हेही म्हणाले की बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही. उद्या तो परत आला तर पुन्हा बाप्तिस्मा नाही, पापनिवेदन पुरे. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले.

पण सगळ्यात मोठं देणं संत मोनिकाच्या गोष्टीचं. ती लहानपणापासून ऐकलेली. आई रडली, मुलगा सुधारला, संपलं. तुम्ही मात्र त्यातलं नेमकं तेच सांगितलंत जे प्रवचनात सहसा येत नाही. तिचा मुलगा अगस्तीन चर्च सोडून मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात गेला तेव्हा मोनिका एका बिशपांकडे गेली आणि याच्याशी वाद घाला म्हणून त्यांच्या मागे लागली. त्यांनी साफ नकार दिला. ते स्वतः त्याच पंथात वाढलेले होते. आत्ता तो ऐकण्याच्या स्थितीत नाही, म्हणाले. त्याला राहू दे, तू प्रार्थना कर. पुढे त्यानं रोमला जाऊ नये म्हणून ती देवाला विनवत होती, आणि हा पठ्ठ्या तिला थाप मारून कार्थेजहून रातोरात जहाजानं निघून गेला. म्हणजे त्या रात्रीचं तिचं मागणं देवानं ऐकलंच नाही! पण गेला म्हणूनच तो पुढे मिलानला पोचला आणि बिशप अम्ब्रोज त्याला भेटले. तेही आधी श्रद्धेसाठी नव्हे, त्यांचं वक्तृत्व ऐकायला गेला होता. ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. मोनिका त्याच वर्षी वारली.

"म्हणून तू काय माग," तुम्ही म्हणालात, "त्याला चांगलं माणूस भेटू दे, एवढंच माग. ते माणूस तूच असलं पाहिजेस, असं काही नाही." हे पचायला मला वेळ लागला. आईला वाटतंच ना, आपल्याच तोंडून ऐकावं. पण तेव्हापासून प्रार्थनेत मी हेच मागते, आणि घरात त्याच्याशी बोलणं पुन्हा सरळ झालं. प्रवचनाऐवजी भट्टीचं, पगाराचं, त्याच्या गुडघ्याचं बोलतो.

रविवारी मी मिस्सेला असते तेव्हा तो मटणाच्या रांगेत असतो. मी कुरकुरले तर तुम्ही म्हणालात, "अगं, तो रांगेत तुमच्यासाठीच उभा आहे की." पांढरा रस्सा तोच करतो आता. माझ्यापेक्षा बरा करतो, हे इथं लिहून टाकते.

हे पत्र आधी त्याला वाचून दाखवलं. त्याच्या परवानगीशिवाय ते बाहेर गेलेलं तुम्हालाही चाललं नसतं. त्यानं "पठ्ठ्या" राहू दे म्हणून सांगितलं, आणि मावशींना डबा कधी नेऊ, असं विचारलं. चर्चला येतो असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

येत्या २७ ऑगस्टला, संत मोनिकाच्या सणाला, संध्याकाळची मिस्सा मी तुमच्या नावानं सांगितली आहे. जिवंत माणसासाठी चालते, आता मला माहीत आहे. त्यानंतर जेवायला घरीच या. गाडी घेऊन न्यायला तोच येईल. गुडघ्याचं औषध त्याला तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही.

तुमची,
रोझरीतली अर्धी भागीदार