'एकवीस महिन्यां'च्या आधीची आणीबाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आणीबाणीवरच्या आपल्या लेखात 'देशावर एकवीस महिने आणीबाणी होती' असे वाक्य आहे. दर जूनमध्ये ते कुठे ना कुठे वाचतो आणि सोडून देतो. या वेळी राहवले नाही. 25 जून 1975 च्या रात्री लागली ती अंतर्गत आणीबाणी. परकीय आक्रमणासाठी पुकारलेली दुसरी एक आणीबाणी तेव्हा साडेतीन वर्षे चालूच होती.

3 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले केले आणि राष्ट्रपती गिरी यांनी ती जाहीर केली. मी तेव्हा सतरा वर्षांचा, गिरगावातल्या चाळीत. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या तावदानांना काळा कागद लावायचे काम माझ्याकडे होते. खळ इतकी चोपडली होती, की युद्ध संपल्यावर कागद निघेना. शेवटी आईने उलथने हातात दिले. कोपऱ्यातले काळे तुकडे पुढच्या दिवाळीपर्यंत तसेच होते. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, जुलै 1972 मध्ये सिमला करार झाला, नव्वद हजारांवर युद्धकैदी 1974 पर्यंत परत गेले. ती आणीबाणी मात्र उठली 27 मार्च 1977 ला. तोवर राज्यघटनेच्या कलम 19 खालचे भाषण, सभा, संचार हे हक्क सरकारी कारवाईपुढे निकामीच होते. त्यामुळे 1975 मध्ये बरेचसे आयतेच हाताशी होते.

आधीच्या वेळीही हेच झाले होते. चीनच्या आक्रमणानंतर 26 ऑक्टोबर 1962 ला आणीबाणी आली. महिनाभरात, 21 नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आईने संरक्षण निधीत एक बांगडी दिली होती. त्याची पावती तिने पोथीत जपून ठेवली आणि कुणी आले की दाखवायची. तिच्या त्यागावर मला काही म्हणायचे नाही. पण आणीबाणी चालली 10 जानेवारी 1968 पर्यंत. 1967 ची लोकसभा निवडणूकसुद्धा तिच्या छायेत झाली. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले होते.

आणि मुंबईतला तो खटला! त्याच आणीबाणीतल्या भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात असलेले कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी कोठडीत एक मराठी पुस्तक लिहिले. विषय अणुविज्ञान. हस्तलिखित बायकोकडे पाठवायला सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तर महाराष्ट्र सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर 1965 मध्ये तिथेही हरले. अणूची माहिती मराठीत छापली तर चीनचा काय फायदा होणार होता, हे आजही कुणी सांगावे.

1962 पासून 1977 पर्यंतच्या साडेचौदा वर्षांत साडेदहा वर्षे आपण आणीबाणीत काढली. कारण साधे होते. संसदेने एकदा साध्या बहुमताने मंजुरी दिली की पुढे मुदतच नव्हती. सरकारने स्वतःहून उठवली तरच उठायची, आणि हातातला अधिकार स्वतःहून कोण सोडतो? 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने हे बदलले. आता मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते आणि दर सहा महिन्यांनी मुदतवाढ पुन्हा तशीच मंजूर करून घ्यावी लागते. ती नाही घेतली, तर आणीबाणी आपोआप संपते.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तेहरानमधल्या ओलीस प्रकरणात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 14 नोव्हेंबर 1979 ला इराणविरुद्ध जाहीर केलेली आणीबाणी वर्षामागून वर्षे राष्ट्राध्यक्षांच्या सहीने वाढत आली. दर सहा महिन्यांनी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विचार करावा असे तिथल्या 1976 च्या कायद्यात आहे खरे, पण ते बहुतांशी कागदावरच राहिले. तिथे संसद गप्प बसली की मुदत वाढत राहते, इथे संसद गप्प बसली की संपते. मला इथले बरे वाटते.

हे आता सांगायचे कारण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा एका गृहस्थांनी लिहिले, 'सरळ आणीबाणी लावा, आणि ते सहा महिन्यांचे लचांड काढून टाका.' चौदा अंगठे पडले. कारगिलचे युद्ध 1999 मध्ये आणीबाणी न लावता लढलो, जिंकलो. 2025 मध्येही ती लागली नाही. मी तेवढे लिहिले, त्यावर एकही अंगठा आला नाही.

आपल्याकडे मागणे एवढेच, की पुढच्या जूनमध्ये 'एकवीस महिने' छापताना 'आणीबाणी'च्या आधी 'अंतर्गत' हा शब्द घाला. आणि जमले तर 3 डिसेंबरलाही एखादी चौकट द्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली