मुलांच्या तापाच्या चिठ्ठीवर वजन लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सक्करदरा भागात गेली २२ वर्षे मी औषधांचे दुकान चालवते. पावसाळा लागला की तापाने फणफणलेली लेकरे कडेवर घेऊन पालक संध्याकाळी दुकानात येतात. पण त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी मुलाचे वजन लिहिलेले क्वचितच आढळते.

मागच्या आठवड्यात दीड वर्षाच्या मुलीची चिठ्ठी आली. 'पॅरासिटामॉल सिरप, एक चमचा, तीनदा' एवढेच तीवर होते. वजन विचारले तर आई म्हणाली, नऊ किलो. या औषधाची एका वेळची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ९० ते १३५ मिलिग्रॅम हवे. बाजारात मात्र ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचेही सिरप मिळते आणि २५० चेही, आणि थोरल्या मुलासाठी आणलेली जी बाटली आईने पिशवीतून काढून दाखवली ती नेमकी २५० ची निघाली. त्यातला चमचाभर दिला असता तर जवळपास दुप्पट औषध पोटात गेले असते. त्या माउलीची यात काय चूक?

मेफेनामिक ॲसिड या ताप-वेदनेवरील औषधाची मला याहून अधिक काळजी वाटते. ताप लवकर उतरावा म्हणून ते पॅरासिटामॉलबरोबर सर्रास लिहिले जाते. पण आपल्याकडे याच दिवसांत डेंग्यू असतो आणि डेंग्यूत मेफेनामिक ॲसिडसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पालकांची घाई समजण्यासारखी आहे, कारण ताप मेंदूत चढेल ही धास्ती घराघरात आहे. परंतु झटका (आकडी) येऊ नये म्हणून दर चार तासांनी औषध द्या, असे डॉक्टरच सांगू लागले तर काय करावे? सहा महिने ते पाच वर्षे वयात तापाबरोबर येणारे झटके तापाच्या औषधाने टळत नाहीत, हे अभ्यासांतून स्पष्ट झालेले आहे. औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे असते. ताप १०१ असूनही खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाला त्याची घाई नसते. उलट तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी त्याला त्याच दिवशी तपासलेच पाहिजे.

२०२५ मध्ये खोकल्याच्या विषारी सिरपमुळे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. तेव्हापासून पालक बाटली उलटसुलट करून 'हे देऊ ना ताई?' असे विचारतात. मी लेबल वाचून दाखवते, पण चिठ्ठीत नसलेले वजन आणि मिलिग्रॅम माझ्या अंदाजाने भरणे मला योग्य वाटत नाही.

शहरातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गल्लोगल्लीच्या फॅमिली डॉक्टरांसाठी, पावसाळ्याआधी, केवळ मुलांच्या तापावर एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे, आणि प्रत्येक दवाखान्यात वजनकाटा टेबलाशेजारीच ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट, सक्करदरा, नागपूर