भांडाराचा जिना

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईचा भागदाखला, म्हणजे सभासदत्वाच्या शेअरचे प्रमाणपत्र, परत करण्यासाठी महाल वस्तीतल्या आपल्या सहकारी ग्राहक भांडारात जाणे झाले. नागपूर सोडल्यापासून तू तिकडे फिरकला नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

वाड्याच्या ओसरीतले भांडार तुला आठवतच असेल. १९६२ च्या चिनी युद्धानंतर भाववाढीला आळा बसावा म्हणून सरकारने ग्राहक भांडारांना देशभर अर्थसाहाय्य दिले, त्याच काळात आपल्या वस्तीतल्या कारकुनांनी आणि मास्तरांनी घरोघर फिरून भाग गोळा केले. जागा इतकी अपुरी, की हिशेबनीस तांदळाच्या पोत्यावर बसून पावत्या फाडीत, आणि भिवापुरी मिरचीचे पोते उघडले की सगळी रांग शिंकत असे. मात्र ओसरीला पायरी एकच होती.

वाडा विकला गेल्यावर भांडार रस्त्यावरच्या गाळ्यात आले आणि त्याला बरे दिवस आले. वर्षभराच्या पावत्या आई बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवी, कारण वर्षअखेरीस खरेदीच्या प्रमाणात सूट मिळे. बाजारभावाने रोखीत विकावे आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या मानाने परत करावा, ही रीत इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपल्या दुकानात पाडली. आईला रॉचडेल ठाऊक नव्हते. परताव्याचा हिशेब मात्र तोंडपाठ होता.

पुढे रस्ता सिमेंटचा झाला, उंबरठ्यापेक्षा वीतभर उंच, आणि पहिल्याच पावसात तूरडाळीची पोती भिजली. वार्षिक सभेत वरच्या मजल्यावर जाण्याचा ठराव आला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, त्यामुळे कुणा बड्याने तो लादला असे म्हणता येत नाही. मीही हात वर केला होता.

आता सतरा पायऱ्या आहेत आणि उरलेले बहुतेक सभासद सत्तरीपुढचे. भांडार मॉलमुळे बसले असे सगळे म्हणतात; मला ते पटत नाही. आई खाली रिक्षातच बसून राहिली, तेव्हा व्यवस्थापक स्वतः नोंदवही घेऊन उतरले. सही झाल्यावर तिने दोन किलो चिनोर तांदूळ मागितला. ते पुन्हा वर गेले, पिशवी घेऊन आले, तर आई म्हणाली, "पावती?"

तुझा,
बालमित्र